चौकोनी कंसातलं उद्गारचिन्ह

अक्का, तुझ्या फाइलींवरची उद्गारचिन्हं मी काढून टाकली. तू गेल्यावरच्या दिवसांची शिवगणाराधना झाली, पाहुणे आपापल्या गावी गेले, दारातला मांडव सोडून नेला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून मी तुझ्या खुर्चीत बसले ती हे काम करायला. रडायचं सोडून. घरातल्यांना वाटलं, धाकटी बहीण आहे, अक्काच्या वस्तू बघत बसलीय, बसू दे बिचारीला. दाजींनी तर येऊन पंखा लावून दिला.

तुझ्याबद्दल लिहायचं तर जन्म कुठला, शाळा कुठली, लग्न कधी झालं, हे सगळं लिहिता येईल. ते वर्तमानपत्रात आलं, फोटोसकट आलं, आणि फोटो चांगला निवडला नाही म्हणून तू नक्की कुरकुरली असतीस. मला त्यातलं काही लिहायचं नाही. आपलं एक भांडण अर्धं राहिलं होतं आणि ते मी जिंकलेय अशा समजुतीत होते. आता ते माझ्याच अंगावर आलंय. कुणाला सांगायची सोय नाही. पन्नाशीला टेकलेल्या दोन बायका, आणि भांडण कशावरून, तर पोरांच्या टीव्ही गेमच्या फाइलींना काय नाव द्यायचं यावरून. म्हणून तुलाच सांगते. पहिल्यापासून सांगते, कारण मधूनच सुरू केलं की मी स्वतःला सोयीचं तेवढंच सांगते.

सोलापूरच्या बाळीवेशीतलं आपल्या वडलांचं, अप्पांचं दुकान. पुढं वह्या-पेनं, मागं पडदा, पडद्यामागं दोन टीव्ही आणि टीव्ही गेमची दोन मशिनं. पोरं तासावर खेळायची, आणि ज्यांच्या घरी मशीन असायचं ती कॅसेट भाड्यानं न्यायची. कॅसेट म्हणजे ते प्लास्टिकचं पिवळं-काळं चपटं डबडं, खाली पितळी दात असलेलं. चाललं नाही की फुंकर मारायची. डबड्यावरच्या चित्राचा आणि आतल्या गेमचा काडीचा संबंध नसायचा. वर मोटारसायकल, आत बदकं. वर लिहिलेले हजार गेम, आत चार, तेच फिरून फिरून. गिऱ्हाईक भांडायला यायचं आणि अप्पा पुढच्या वह्यांच्या ढिगामागं लपायचे.

मग तू शाळेतून आलीस की एकेक कॅसेट लावून बघायचीस आणि वहीवर चिकटवायच्या लेबलावर खरं काय आहे ते लिहायचीस. बदकं. विटा. शिडीवरचं माकड. रणगाडे, चांगला. रणगाडे, तिसऱ्या पातळीला अडकतो. तुझी ती लेबलं बघून पोरं कॅसेट न्यायला लागली, चित्र कुणी बघेना. मी शेजारी दुसरं रिमोट धरून बसायचे. त्याचं उजवं बटण अडकायचं हे तुला पक्कं माहीत होतं, तरी प्रत्येक वेळी ते माझ्याच हातात यायचं. आणि मी हरले की म्हणायचीस, ‘रिमोटला नावं ठेवू नकोस, तंगी.’ कानडीत धाकटीला तंगी म्हणतात म्हणून ते नाव, पण आपल्या घरी ते हाक मारायला कमी आणि रागवायला जास्त वापरलं गेलं.

दुकान बंद झालं, कॅसेटी पत्र्याच्या ट्रंकेत गेल्या, तू लग्न होऊन याच गावात राहिलीस, मी पुण्याला गेले. माझं काम तुला कधी नीट कळलं नाही असं मी लोकांना सांगायचे, पण तू ते एका वाक्यात सांगितलं होतंस: दुसऱ्याच्या चुका शोधायच्या आणि त्याला कळवायच्या. सॉफ्टवेअर तपासणारी मी. चुका गोड शब्दांत कळवाव्यात असं आम्हाला शिकवतात. तेवढं शिक्षण माझ्या अंगाला लागलं नाही.

काही वर्षांपूर्वी तुझा फोन आला. ट्रंकेला खालून गंज लागलाय, कॅसेटी काढून बघायच्यात, पण आताच्या टीव्हीला मशीन लागत नाही. मी तुला एक यंत्र मागवून दिलं. तळहाताएवढं, वर कॅसेट खोचायची खाच, खाली लॅपटॉपला लावायची वायर. कॅसेटमधला गेम ते वाचून घेतं आणि त्याची फाइल करून देतं. मला वाटलं, आठ दिवस खेळशील आणि कंटाळशील. तू खोडरबरानं एकेक पितळी दात घासत बसलीस. देवाची भांडी घासावी तसा तुझा तो कार्यक्रम चालायचा, दुपारी, जेवणं झाल्यावर.

मग एक दिवस तू विचारलंस, ‘जगातल्या लोकांनी हे गेम जमवून ठेवलेत, त्यांच्या फाइलींच्या नावापुढं कंसात काय काय लिवलेलं असतंय, ते काय गं?’

मला ते माहीत होतं, आणि माहीत असलेलं सांगायला मला किती आवडतं हे तुला माहीत होतं. फोनवर शिकवणी सुरू झाली. गोल कंसात देश. जे म्हणजे जपान, यू म्हणजे अमेरिका, ई म्हणजे युरोप.

‘आन सोलापूर?’

‘सोलापूरला अक्षर नाही, अक्का.’

‘का न्हाय?’

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं तेव्हाही नव्हतं. मी घाईनं चौकोनी कंसांकडे वळले. चौकोनी कंसात पी असेल तर ती चोरून केलेली नक्कल. एच म्हणजे कुणीतरी मूळ गेममध्ये हात घातलाय. ओ म्हणजे वाचताना शेवटी फालतू कचरा जास्तीचा आलाय. ए म्हणजे त्याच गेमची दुसरी आवृत्ती. बी म्हणजे वाचन बिघडलंय, फाइल भरवशाची नाही. आणि कंसात नुसतं उद्गारचिन्ह असेल, असं [!], तर या फाइलीची खात्री झालीय. कॅसेटमध्ये जे होतं तेच आणि तेवढंच हिच्यात उतरलंय.

‘पी म्हणजे चोरीची नक्कल? मग आपलं सगळं दुकानच पी की गं!’ तू इतकी हसलीस की दाजींनी मागून विचारलं काय झालं म्हणून.

मग जरा वेळानं, गंभीरपणे: ‘पण चोरीची कॅसेट आसंल आन वाचन बरोबर आसंल, तर?’

‘तर पी पण लागतं आणि उद्गारचिन्ह पण.’

‘म्हणजे माल चोरीचा, पण चोरी खरी लिवलीय.’

मी एवढ्या वर्षांत हे इतकं नेमकं कुणाकडून ऐकलं नव्हतं. तुला मात्र ते म्हटलं नाही. म्हटलं, ‘हो, तसंच काहीतरी.’ तुझं कौतुक मनात येऊन ते तोंडातून गाळून बाहेर काढायची मला फार जुनी सवय आहे. ते उद्गारचिन्ह तुला आवडलं. शाबास म्हटल्यासारखं दिसतंय, असं म्हणालीस.

परदेशी कॅसेटचं सोपं असतं. फाइल झाली की तिचा एक आकडा निघतो, अंक आणि अक्षरं मिसळलेला, पावतीवर नंबर असावा तसा. आत एक कण जरी इकडचा तिकडे झाला तरी आकडा पार बदलतो. जगातल्या याद्यांशी आकडा जुळला की झालं. पण आपल्या ट्रंकेतल्या कित्येक कॅसेटी कुठल्याच यादीत नव्हत्या. कुणी केल्या, कुठून बाळीवेशीत आल्या, कुणालाच माहीत नाही. त्यांची खात्री कोण देणार? तेव्हा नियम मी केला. दोन माणसांनी वाचायचं. वेगवेगळं. एकानं दुसऱ्याचा आकडा बघायचा नाही. दोन्ही आकडे जुळले तरच उद्गारचिन्ह. तू लगेच कबूल झालीस. तू वाचायचीस, पुण्याला येणाऱ्या कुणाकडून तरी कॅसेट पाठवायचीस, आठवड्याभरात मी माझ्याकडच्या तसल्याच यंत्रावर वाचायचे, आणि मग फोन.

‘तू सांग आदी.’

‘नाही, तू.’

एक अक्षर तू, एक मी, असं आपण पुढं सरकायचो. चौथ्या-पाचव्या अक्षराला तुझा आवाज बारीक व्हायचा. सगळी जुळली की तू टाळी वाजवायचीस, ती फोनमधून ऐकू यायची. ऑफिसच्या जिन्यात उभी राहून, कुणी बघत नाहीये ना हे पाहून, मीपण एका हातानं मांडीवर थाप मारायचे. अक्का, तेवढ्या त्या फोनांसाठी मी तुझी जन्माची ऋणी आहे. त्या वर्षांत दुसरं कुणी मला टाळी दिली नव्हती.

मग माझी कामं वाढली. खोटं कशाला, कामं होती तेवढीच होती, माझी हौस संपली. तुझ्या कॅसेटी माझ्या कपाटात पडून राहू लागल्या. एकदा तर न वाचताच परत पाठवल्या, वर ‘यंत्र बिघडलंय’ म्हणून सांगितलं. त्यानंतर तू पाठवायचं थांबवलंस. मी विचारलं नाही का थांबवलंस. एक कटकट मिटली असं वाटलं.

या संक्रांतीला मी आले. सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा भरली होती, घरात पाहुण्यांची ये-जा, तू हळदीकुंकवाच्या गडबडीत. मी सहज म्हणून तुझा लॅपटॉप उघडला आणि बघते तर यादी वाढलेली. मी न पाहिलेल्या कॅसेटी, मी न वाचलेल्या, आणि प्रत्येकीपुढं चौकोनी कंसात उद्गारचिन्ह. माझ्यातली तपासनीस जागी झाली. तिला झोपवणं कुणालाच जमलेलं नाही.

‘अक्का, हे कुणी वाचलं?’

‘मी.’

‘आणि दुसऱ्यांदा?’

तू ओटीचं सामान ताटात लावत होतीस. हात थांबले तुझे. ‘झालंय की दुसऱ्यांदा.’

‘कुणी केलं?’

‘झालंय म्हणते न मी. दोनदा वाचलं, आकडा जुळला, चिन्ह लावलं.’

‘म्हणजे तूच दोनदा वाचलंस.’

तू काही बोलली नाहीस. हो म्हणाली नाहीस, हे मला आता आठवतंय. तेव्हा मला तुझं गप्प राहणं हेच हो वाटलं. मग मी सुरू झाले. एकच माणूस दोनदा वाचतो तेव्हा चूकही दोनदा वाचतो. मग नियम केला कशाला? हे खोटं चिन्ह आहे. आपण लहानपणी खोट्या चित्रांच्या कॅसेटी भाड्यानं दिल्या, आता तू तेच करतेयस.

‘ही चोरी आहे, अक्का.’

‘चोरी?’

‘चोरीच. दुसरं काय म्हणायचं हिला?’

दाजी मागच्या खुर्चीत पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं. तू आत गेलीस, चहा करून आणलास, माझ्या कपात साखर जास्त होती, मला लागते तशी. मी तो प्याले आणि वर म्हणाले, ‘विचार कर.’ मोठ्या बहिणीला, तिच्याच घरात, सणाच्या दिवशी.

पुढं आपले फोन होत राहिले. ‘ऊटा आतेन?’ जेवण झालं का, एवढंच. ‘हो, तुझं?’ ‘झालं.’ मी वाट बघत होते, तू कबूल होशील, म्हणशील की चुकलं तंगी. तू कशाची वाट बघत होतीस ते मला माहीत नाही. मी एकदाही दुसरं काही विचारलं नाही, तुझ्या पाठीचं, तुझ्या झोपेचं, कशाचंच नाही. मग सकाळी सकाळी दाजींचा फोन आला. त्यांना बोलता येईना. मी पलीकडून ‘काय झालं, नीट सांगा’ असं दरडावत होते.

तर त्या सकाळी मी तुझ्या खुर्चीत बसले. लॅपटॉप दाजींनीच आणून दिला होता. ‘ह्यातलं मला काय कळत न्हाय, तूच बघ, विजू,’ म्हणाले. मी यादी उघडली. मी वाचलेल्या कॅसेटी वेगळ्या काढल्या, न वाचलेल्या वेगळ्या. मनाशी वकिली चालूच होती. नियम दोघींचा होता. मेलेल्या माणसासाठी नियम वाकवला तर तो नियम कसला. उलट हीच खरी श्रद्धांजली, तिच्या नावावर खोटं राहू द्यायचं नाही. असले भारी शब्द मला ऐन वेळी बरे सुचतात. एक कमांड लिहिली आणि चालवली. न वाचलेल्यांपुढची सगळी चिन्हं एका क्षणात गेली. तुझ्या कित्येक दुपारी होत्या त्या, आणि मला एक पान स्क्रोल करण्याइतकाही वेळ लागला नाही.

लाज तेव्हाच वाटायला लागली होती. पण ती साधी लाज होती, जरा घाई केली, अजून चार दिवस थांबायला हवं होतं, एवढीच. खरी पुढं होती.

दाजी चहा घेऊन आले. त्यांनी स्वतः केला होता, उतू गेलेला, कपाच्या बाहेरून ओघळ आलेले. कप ठेवताना त्यांची नजर पडद्यावर गेली. चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि वाकून बघितलं.

‘उद्गारवाचक कुटं गेलं?’

मला वाटलं, मला चुकीचं ऐकू आलं. ‘काय?’

‘हितं कंसात उद्गारवाचक होतं की. रणगाड्याला होतं, माकडाला होतं.’

‘तुम्हाला काय माहीत?’

मी हे ज्या सुरात विचारलं तो सूर मला अजून कानात ऐकू येतो. दाजी गडबडले. कप सरळच होता, तो परत सरळ केला. मग म्हणाले, ‘रणगाड्याचं मीच वाचलं होतं. लई तरास दिला त्यानं. चारदा पुसून घातली कॅसेट तवा कुटं घेतली.’

आणि मग अक्का, त्यांनी सांगितलं. मी विचारत गेले आणि ते तुटक तुटक सांगत गेले, नजर खाली, कारखान्यातला माल परत आला की सांगतात तसं. तुझ्या कॅसेटी मी न वाचता परत पाठवल्या त्यानंतरच्या आठवड्यातलं. ते अक्कलकोट रोडवरून, टॉवेलच्या कारखान्यातून यायचे, अंगाला सुताचे तंतू तसेच चिकटलेले, आणि तू म्हणायचीस, अंघोळीच्या आदी एक वाचून द्या. यंत्राला कॅसेट कशी खोचायची, कुठलं बटण दाबायचं, आकडा कुठं उमटतो, हे तू त्यांना शिकवलंस. पहिले काही दिवस त्यांनी उलटी खोचली. तू हसली नाहीस म्हणे. तू फक्त कॅसेट काढून परत त्यांच्या हातात द्यायचीस.

‘आन मग ती भाईर जाऊन बसायची,’ दाजी म्हणाले. ‘माझा आकडा तुमी बघायचा न्हाय, तुमचा मी बघायची न्हाय. नियम हाय विजूचा. मी तळहातावर पेनानं लिवून घ्यायचो. कारखान्यात वजनं लिवतो तसं. मग तिला हाक मारायची. ती आली की मूठ उघडायची.’

‘आणि जुळलं की?’

दाजींनी सांगितलं नाही. ते खिडकीतून बाहेर बघत राहिले. मला वाटतं ते टाळीबद्दल असावं आणि ते त्यांना माझ्याजवळ बोलायचं नव्हतं.

म्हणजे प्रत्येक चिन्ह खरं होतं. माझ्या नियमानं, माझ्याच शब्दांत, दोन माणसं, वेगवेगळं, न बघता. मी मोडलेला नियम तू पाळलास, आणि मी तुला चोर म्हणाले. ज्या माणसानं दुसऱ्यांदा वाचलं होतं त्याच्यासमोर म्हणाले. तो माणूस मागच्या खुर्चीत पेपर धरून बसला होता.

‘मग अक्कानं सांगितलं का नाही?’ माझा आवाज चढला. लाज वाटली की मला राग येतो, हेही तुला माहीत होतं. ‘एवढं ऐकून घेतलं तिनं. एक शब्द बोलली असती तर?’

‘मीच म्हनलो होतो तिला,’ दाजी म्हणाले. ‘विजूला सांगू नकोस. ती हसंल.’

मला एकदम आठवलं, आणि आठवलं नसतं तर बरं झालं असतं. दोन वर्षांपूर्वीची चुलत बहिणीच्या हळदीची दुपार. मी सगळ्यांना हसवत होते. दाजींनी माझ्या लॅपटॉपवर काहीतरी बघायचा प्रयत्न केला होता, माउस दोन्ही हातांनी धरला होता, टीव्ही गेमचं रिमोट धरतात तसा. मी ते करून दाखवलं. दोन्ही हात, बाहेर काढलेली जीभ, ‘हे कुटं दाबायचं वं?’ हा त्यांचा आवाज. आख्ख्या खोलीत हशा पिकला. कुणीतरी पुन्हा कर म्हणालं, मी पुन्हा केलं. दाजीपण हसले. चांगले, मोठ्यानं हसले. म्हणून मी समजले की चाललं. त्या खोलीत तू एकटी हसत नव्हतीस आणि मी मनात म्हटलं, अक्काला विनोद कळत नाही. पुढं ते सोंग मी पुण्यालाही कितीदा केलं. लोकांना आवडायचं.

ते दोन वर्षं त्यांच्या मनात होतं. आणि तुझ्या मनात होतं. त्या संक्रांतीला तुझ्यापुढं दोनच वाटा होत्या. एक वाक्य बोलून सुटायचं, ‘अगं, ह्यांनी वाचलंय,’ आणि मग मी वळून दाजींकडं बघितलं असतं, भुवई वर केली असती, म्हटलं असतं, ‘दाजींनी? माउस कुठल्या हातात होता?’ किंवा गप्प राहून चोर ठरायचं. तुला विचार करायलाही वेळ लागला नाही. ओटीच्या ताटावरचे हात थांबले तेवढाच वेळ. नवऱ्याचा शब्द राखलास, त्यांची अब्रू राखलीस, आणि वर माझ्या कपात साखर जास्त घातलीस.

दाजींचंही काही कमी नाही. ते म्हणाले, ‘मी बोलणार होतो त्या दिवशी. तिनं माझ्याकडं बघितलं, मानेनंच न्हाय म्हनली. मी पेपर वर धरला.’ मग म्हणाले, ‘तेवढं बोलायला पायजे होतं मी. तिला चोर म्हनलीस तू आन मी पेपर वाचत बसलो.’ आम्ही दोघं तुझ्या टेबलापाशी, दोघं लाजेनं मान खाली घालून, आणि जिला सांगायचं ती नाही. तू असतीस तर आम्हा दोघांना एकेक काम लावून उठवलं असतंस.

मी चिन्हं परत लावली. ती लावायलाही एकच कमांड लागली, आणि ती एवढी सोपी असावी याचीच मला लाज वाटली. निदान एकेक फाइल हातानं करावी लागली असती तर काहीतरी भरपाई केल्यासारखं वाटलं असतं. दाजी उभं राहून बघत होते. रणगाडे आले. माकड आलं. ‘विटा र्‍हायल्या काय?’ त्यांनी विचारलं. विटा खाली होत्या, दाखवल्या.

ट्रंकेत अजून काही कॅसेटी आहेत अक्का, ज्यांचं तुझं वाचन झालंय आणि दुसरं राहिलंय. त्यांच्यापुढं तू कंस उघडून ठेवलास आणि आत काही लिहिलं नाहीस. ते वाचन दाजींनीच करावं असं मला वाटतं, माझा तो हक्क राहिलेला नाही. त्यांना म्हटलं तर म्हणाले, ‘बघू. अजून हात लावू वाटंना.’ मीही जोर केला नाही. मी पुण्याला निघेपर्यंत ट्रंक तिथंच, तुझ्या पलंगाखाली होती.

निघायच्या दिवशी ते मला स्टँडवर सोडायला आले. गाडी सुटायला वेळ होता. बाकावर बसलो होतो, मध्ये त्यांनी बांधून दिलेली शेंगाचटणीची पुडी. मला राहवेना. तुला सांगता येणार नव्हतं, म्हणून त्यांना म्हटलं, ‘दाजी, तुम्ही मला सांगायला पाहिजे होतं. अक्काची शपथ, मी हसले नसते.’

त्यांनी माझ्याकडं बघितलं. राग नव्हता. असता तर मला जरा बरं वाटलं असतं.

‘हसली असतीस की, विजू,’ ते म्हणाले.

अक्का, मी हसले असते.